शिंगटीच्या मिशा

आखाडातला शेवटचा रविवार होता. श्रावण लागायच्या आत एकदा मासे खाऊन घ्यावेत म्हणून पहाटेच निघून भिगवणला पोचलो, तर आमच्यासारख्याच विचाराची निम्मी दुनिया तिथं हजर. लिलाव उरकत आला होता. ओल्या फरशीवर बर्फाचा चिखल, क्रेटवर क्रेट, त्यात चिलापीचे ढीग. आजकाल उजनीचा मासा म्हणजे चिलापीच, बाकी सगळे पाव्हणे. राहू-कटला, एखाद-दुसरा मरळ, वामांचा गुंता. या सगळ्याच्या पलीकडे एका बाईसमोर ॲल्युमिनियमच्या घमेल्यात पंधरा-वीस वीतभर मासे होते. पाठ राखाडी, बाजू रुपेरी, अंगावर एक खवला नाही, आणि तोंडाभोवती काळपट मिशांचं जंजाळ. मी हरखले. इतक्या वर्षांनी! खाली बसले आणि लहानपणी आजी विचारायची त्याच सुरात विचारलं, "मावशी, शिंगटी कशी दिली?" तिनं मान वर केली नाही. समोरच्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजत म्हणाली, "शिंगटी न्हाई ती. शिंगटा हाय." मी म्हटलं, "वेगळं असतं का ते?" तेव्हा कुठं तिनं माझ्याकडं बघितलं. "येगळं न्हाई तर काय. शिंगटी आमीच लई दिस बघितली न्हाई." आणि ती पुढच्या माणसाकडं वळली.

मासे घेतले, घरी आले, कालवण झालं, लोकांनी मिटक्या मारल्या. मी मात्र अडकून बसले. जो मासा मी आयुष्यभर शिंगटी म्हणून खाल्ला, तो शिंगटीच होता की नव्हता?

आता यात काय एवढं, असं कोणालाही वाटेल. पण शिंगटी हा आमच्या घरातला शब्द. आजोळ भीमेकाठचं, म्हणजे आधी काठचं आणि धरणानंतर बॅकवॉटरचं. जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं माळावर वसलं. उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला गर्दी करतात, तेव्हा आजी म्हणायची, वर येऊन तरी काय करायचंय त्याला. तिच्या लेखी मासे दोनच प्रकारचे, नदीचे आणि धरणाचे. शिंगटी नदीची. मामा पावसाळ्याच्या तोंडाशी, पाणी गढूळ व्हायला लागलं की गळाला गांडूळ लावून संध्याकाळी बसायचा. शिंगटीला डोळ्यांनी शोधायची गरज नसते. गढूळ पाण्यात, अंधारात, तळाच्या चिखलात ती मिशांनी चाचपत फिरते. मिशांवर चव घेणाऱ्या पेशी असतात, नुसत्या मिशांवर नाही, थोड्याफार सगळ्या अंगावर. म्हणजे हा मासा पाण्यातून जाताना अंगानं चव घेत जातो. हे मला कॉलेजात कळलं आणि मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपल्या गटारीच्या पाण्यात त्येचं काय होत आसंल गं?"

नऊ वर्षांची असताना मला शिंगटीनं टोचलं. मामाच्या बादलीत हात घातला होता. काटा अंगठ्याच्या मुळाशी गेला आणि अशी कळ आली की मी बादलीच उलटी केली. दुखणं नुसत्या जखमेचं नव्हतं, कोपरापर्यंत आग चढत गेली. आजीनं हळद-चुना लावला, मामानं शिव्या घातल्या, आणि अंगणात पडलेली शिंगटी कुर्र कुर्र करत होती. मी रडत विचारलं, ही ओरडतेय का? आजी म्हणाली, "तुझ्यासारखीच. शिव्या देतीया." मासा आवाज करतो हे मला तेव्हा एवढं आश्चर्याचं वाटलं नाही जेवढं आता वाटतं. त्याच्या छातीजवळच्या दोन परांना पुढच्या कडेला एकेक भक्कम काटा असतो, आतल्या अंगाला करवतीसारखे दाते. त्या काट्याचं मूळ खांद्याच्या हाडातल्या खाचेत बसलेलं असतं, आणि मुळावर बारीक कंगोरे असतात. काटा हलला की कंगोरे खाचेत घासतात, कुरकुर होते. दाराच्या कडीचा आवाज व्हावा तसा. पाठीवर तिसरा काटा. त्याच्या पुढ्यात एक इवलंसं हाड खुंटीसारखं बसतं, आणि एकदा का काटा उभा राहून अडकला की कितीही दाबा, तो मोडेल पण वाकणार नाही. बगळ्याच्या घशात असा तीन बाजूंनी अडसर घातलेला मासा गेला की काय होत असेल, कल्पना करा. त्वचेत काट्याभोवती विषाच्या पेशी असतात, कोपरापर्यंतची आग त्यांची. मामा मात्र शिंगटी बिनघोर धरायचा. पोटाखालून हात घालून दोन्ही काट्यांच्या मागं अंगठा आणि बोटं, बस. मला ती रीत आजही जमत नाही.

घमेल्यातल्या त्या माशांपैकी एक मी न चिरता ठेवला होता. दुसऱ्या दिवशी तो ताटात घेऊन बसले. नवरा म्हणाला, आता काय पोस्टमॉर्टेम? खरं तर तेच.

मी प्राणिशास्त्राची पदवी घेतली त्याला तीस वर्षं होऊन गेली, नंतर आयुष्यभर केलं भलतंच. पण प्रॅक्टिकलची प्रयोगशाळा अजून नाकात आहे. फॉर्मॅलिनचा वास, लाकडी कपाटं, आणि एका बरणीत वाकडा होऊन बसलेला एक मासा. अंगाचा रंग उडून पिठूळ झालेला, मिशा ताठरून बरणीच्या काचेला टेकलेल्या. वर निळ्या शाईतली चिठ्ठी: मिस्टस कॅव्हॅसियस. आम्ही त्याची आकृती काढायचो. मी मासा कागदाच्या मधोमध छान मोठा काढला आणि मिशांना जागाच उरली नाही, म्हणून आखूड काढल्या. सरांनी लाल पेनानं शेरा मारला, 'मिशा?' मी मनात म्हटलं, मिशांचं काय एवढं. तीस वर्षांनी कळतंय, मिशांचंच सगळं होतं.

मिशांच्या चार जोड्या. नाकपुड्यांपाशी एक छोटी, हनुवटीखाली दोन, आणि वरच्या जबड्याच्या कोपऱ्यातून निघणारी एक सर्वांत लांब. ताटातल्या माशाची ती लांब मिशी मी अंगाच्या कडेनं सरळ केली तर थेट शेपटीच्या मुळाशी पोचली. या प्रजातीत कुणाची मिशी कुठवर पोचते यावरून जाती ओळखतात. दुसरी खूण पाठीवर. काट्याचा पर संपला की त्याला जवळजवळ लागूनच एक लांबलचक, मऊ, बिनकाट्यांचा पर सुरू होतो, चरबीची घडी घालून ठेवल्यासारखा. काही जातींत तो तोकडा असतो आणि मध्ये अंतर राहतं. तिसरी खूण डोक्यावर. कातडीखाली कवटीच्या मधोमध एक लांब खाच असते, बोट फिरवलं की लागते. आजी डोकं चोखायला मला द्यायची तेव्हा जीभ त्या खाचेत जायची, हे मला बोट फिरवताना आठवलं. डोक्यात कधी पांढरा खडा लागायचा. तो कानातला, माशाला तोल सांभाळायला आणि ऐकायला लागणारा, आणि त्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षांची वलयं असतात. आम्ही तो थुंकून टाकायचो. कानावरून आणखी एक. वाताशय म्हणजे पोटातली हवेची पिशवी, ती थरथरली की ती थरथर मणक्यांपासून बनलेल्या चिमुकल्या हाडांच्या साखळीनं कानापर्यंत जातो. अर्न्स्ट हाइनरिख वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८२० मध्ये ही हाडं दाखवून दिली. अशी साखळी राहूलाही असते. म्हणजे मिशाळ शिंगटी आणि खवलेवाला राहू हे ऐकण्याच्या नात्यानं भाऊबंद. बाजारात शेजारी शेजारी पडलेले असतात, आपल्याला पत्ता नसतो.

इथवर मजेत चाललं होतं. मग मी नावाच्या मागं लागले आणि दोन रात्री गेल्या.

'प्रजाती' आणि 'जाती' हा आपल्याकडचा कायमचा घोळ आहे. वर्तमानपत्रवाले सरसकट प्रजाती लिहितात, पण आम्हाला शिकवलं होतं की प्रजाती म्हणजे आडनाव, जात म्हणजे त्या घरातलं माणूस, आणि वर कुल, त्याच्याही वर गण. तर मिस्टस हे आडनाव. जोव्हानी अँतोनियो स्कोपोलीनं ते १७७७ मध्ये दिलं, आणि त्याची नाळ ग्रीकमधल्या मिशीशी जोडतात. मिस्टस आणि मिशी! मी हरखून नवऱ्याला सांगायला गेले, तर तो म्हणाला, आपली मिशी संस्कृतातल्या श्मश्रूवरून आलीय, उगाच सोयरीक जुळवू नकोस. या घराण्याचा मूळपुरुष म्हणून जो मासा धरला जातो तो अलेप्पोकडचा, आज टायग्रिस-युफ्रेटिसच्या पाण्यात सापडणारा. तिथपासून भारत, म्यानमार, पार इंडोनेशियापर्यंत हे आडनाव लावणाऱ्या चाळीसेक जाती आहेत, आणि रक्ताची तपासणी केली तर त्या सगळ्या एका घरच्या निघत नाहीत अशी कुजबूज शास्त्रज्ञांत चालूच असते. आडनावही एकच राहिलं नाही. कधी पिमेलोडस, जे आता फक्त दक्षिण अमेरिकेतल्या माशांकडं राहिलंय. कधी बॅग्रस. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस डेच्या भारतातल्या माशांवरच्या जाडजूड ग्रंथात ते आहे मॅक्रोन्स. पुढं लक्षात आलं की मॅक्रोन्स हे नाव १८४१ मध्येच एका भुंग्याला देऊन झालेलं आहे, आणि पहिला हक्क पहिल्या मालकाचा, म्हणून माशाकडून काढून घेतलं. गंमत म्हणजे तो भुंगाही लांब शिंगांच्या घराण्यातला.

कॅव्हॅसियस हे बरणीवरचं नाव फ्रान्सिस हॅमिल्टनचं. गंगेच्या माशांवरचं त्याचं पुस्तक १८२२ मध्ये आलं. त्यानं त्याच घराण्यातल्या एकाला टेंगारा म्हटलं, तिकडच्या टेंगऱ्यावरून. म्हणजे बरणीतल्या माशाला गंगेकडचं नाव होतं आणि मासा होता भीमेचा. कॉलेजात हे कुणाला खटकलं नव्हतं, मला तर नाहीच. आणि मग एका यादीत, कॅव्हॅसियसच्या काही ओळी खाली, मला ते दिसलं.

मिस्टस सीनगटी. साइक्स, १८३९.

रोमन लिपीत दोन 'ई' काढून, शेवटी आणखी दोन 'ई' काढून लिहिलेलं. मी ते आधी इंग्रजी उच्चारात वाचलं, मग दुसऱ्यांदा, आणि तिसऱ्यांदा आजीच्या आवाजात. शिंगटी. लॅटिन नावांच्या पलटणीत आमच्या चुलीपुढचा शब्द बसला होता, जवळजवळ दोनशे वर्षं.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. पेशवाई बुडून सहा-सात वर्षंही झाली नव्हती तेव्हापासून तो दख्खनभर फिरला. माणसं, जमीनधारा, हवामान, पाखरं, जे दिसेल ते मोजायचं आणि लिहायचं. मुठा-मुळेचं त्यानं 'मोटा मोला' करून टाकलं. भीमेच्या खोऱ्यातले मासे बघितले, चित्रं काढवली, आणि लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढं मांडले. त्या यादीत नुसती शिंगटी नाही. खुद्री आहे, कोळस आहे, मळ्या आहे, घोगरा आहे. घोगरा हाही मिशाळ आणि कुरकुरणारा मासा, त्या आवाजाला याहून चांगलं नाव मला तरी सुचत नाही. एक 'पोटेल' आहे, मला तो पाटीलच वाटतो, आमच्या गावच्या पाटलांना मात्र सांगणार नाही. आणि काही माशांना त्यानं लंडनच्या विद्वान मित्रांची नावं दिली. यॅरेल, ओवेन, ऑगिल्बी, व्हिगर्स. रोहटी ऑगिल्बी असं एक पूर्ण नाव आहे. आधी मराठी, मग साहेब. लग्नानंतर बदललेल्या नावासारखं ते वाचताना मला हसू आलं आणि लगेच थोडं विचित्रही वाटलं. ऑगिल्बीसाहेब कोण होते ते दोन मिनिटांत सापडतं. पण नदीकाठी कुणीतरी, बहुधा भोई, बादलीतला मासा उचलून दाखवत "शिंगटी" म्हणालं असणार, आणि साहेबानं परत विचारलं असणार, आणि त्यानं परत, जरा मोठ्यानं, तोड करत सांगितलं असणार. ते दोन-दोन 'ई' त्या तोड करून सांगण्याचे आहेत असं मला वाटतं. याला पुरावा काही नाही.

शिंगटीचं नशीब पुढं फिरलं. नंतरच्या अभ्यासकांना ती आणि गंगेचा कॅव्हॅसियस यांत फरक दिसेना. हॅमिल्टनचं नाव आधीचं, म्हणून साइक्सचं नाव त्याच्या पोटात गेलं. माझ्या बरणीवरची चिठ्ठी चुकीची नव्हती, त्या काळाप्रमाणं बरोबरच होती. मग २००५ मध्ये प्रोसांता चक्रवर्ती आणि हिओक ही इंग या दोघांनी कॅव्हॅसियस म्हणून ठिकठिकाणी ठेवलेले मासे पुन्हा काढून तपासले. त्यातून म्यानमारची एक अगदी नवी जात निघाली आणि आपल्या दख्खनची सीनगटी पुन्हा वेगळी, स्वतःच्या नावानं उभी राहिली. हे वाचून मला झालेला आनंद अगदी पोरकट होता. एखाद्या चुलतआजीचं नाव सातबाऱ्यावर परत चढावं तसा. त्याच वेळी मनात येत होतं की भीमेकाठी तिला कुणी दुसरं काही म्हणतच नव्हतं. ती हरवली होती कागदावर. आणि आता कागदावर सापडलीय, तर पाण्यात?

कारण मावशीचं वाक्य तसंच होतं. शिंगटी आमीच लई दिस बघितली न्हाई.

मी नाना तर्क केले. शिंगटा नर आणि शिंगटी मादी असेल का? या घराण्यात नर ओळखता येतो, गुदपराच्या पुढं त्याला एक बारीक लांबट उंचवटा असतो. ताटातल्या माशाला भिंग लावून पाहिलं, तो नव्हता. म्हणजे मावशीचा 'शिंगटा' मादी होती. तर्क गेला. मग अंगावर पट्टे असतात ती शिंगटी का? तशीही एक जात आहे, व्हिटॅटस, ब्लॉखनं १७९४ मध्ये नोंदवलेली, पण मावशी तिला शिंगटी म्हणत असेल कशावरून? की मोठा शिंगाळा, जो हातभरापेक्षाही वाढतो, त्याचं पोर? त्यालाही साइक्सनं मराठीतच बारशाला बसवलंय, सीनघाला म्हणून. शेवटी भाऊबीज होऊन गेल्यावर एका साध्या मंगळवारी मी परत गेले. लिलाव ओसरला होता, मावशी निवांत होती, चहा घेत बसली होती. मी सगळं सांगत बसले नाही. विचारलं, "मावशी, शिंगटी म्हंजे नेमकी कंची?"

तिनं घमेल्यातला एक मासा उचलला, पोटाखालून, काट्यांच्या मागं बोटं घालून, अगदी मामासारखा. "ह्यो बघ. ह्यो धरणाचा. आंग मऊ, वास येतोय. शिंगटी नदीची. पाक पाण्याची. आशीच दिसती, पर आशी नसती."

मी म्हटलं, "दिसायला काहीच फरक नाही?"

"दिसायला कशाला पायजे? खाऊन बघ की."

म्हणजे मिशा, खाच, चरबीचा पर, कुठलंच माप तिच्या वर्गीकरणात नव्हतं. पाणी होतं. माझ्या आजीचंच वर्गीकरण, नदीचा आणि धरणाचा, फक्त मावशीनं त्याला 'टा' आणि 'टी' लावलं होतं. चक्रवर्ती आणि इंग यांच्या हिशोबानं तिच्या हातातली बहुधा सीनगटीच होती, आणि तिच्या हिशोबानं ती शिंगटी नव्हतीच. मी दोघांवरही विश्वास ठेवला. पोरांना ते पटलेलं नाही. मुलगी म्हणते, आई, मासा एक आहे, तू एक काहीतरी ठरव.

अर्धा किलो घेतले. मावशीनं राखेचा डबा ओढला, बुळबुळीत अंगाला राख चोळली, विळी पायाखाली धरून तिन्ही काटे कडाकडा मोडले. मासा अजून जिवंत होता, एकदा कुरकुरला. मग विळीवर डोकं धरून ती थांबली.

"ताई, मिशा ठिवू का काढू?"

"राहू द्या," मी म्हटलं.

"खायाच्या न्हाईत त्या," ती म्हणाली, पण ठेवल्या.